राजबागेतलं राखणफळ

एका राज्यात थंडीचा पहिला वारा सुटला की लोक आपापली पोरं मोजून घेत. का, ते सांगतो. पण मधे बोलायचं नाही. आणि ज्याला भीती वाटते त्याने आत्ताच उठावं. अर्ध्यातून उठणाऱ्याच्या मागे ही गोष्ट त्याच्या घरापर्यंत जाते, असं मला ज्याने सांगितली त्याने बजावलं होतं. बसलात सगळे? मग ऐका.

त्या राज्यात रीत अशी, की मूल जन्मलं की बाराव्या दिवशी त्याच्या नावाने राजबागेत एक फळझाड लावायचं आणि नाळ त्याच्या आळ्यात पुरायची. मग झाड वाढे तसं मूल वाढे. झाडाला पाणी कमी पडलं की पोराचा घसा कोरडा होई, आणि झाड वठलं की माणूस वठे. याचं तिथे कुणालाच नवल वाटत नसे. आपल्याला कुठे वाटतं, आपली सावली आपल्याबरोबर चालते त्याचं!

या राज्याच्या म्हाताऱ्या राजाकडे एकदा कीटकेतू नावाचा मांत्रिक आला. बागेच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "राजा, एक फळ दे."

राजा जेवून उठला होता, मजेत होता. त्याने पायाशी पडलेलं एक किडकं सीताफळ उचललं आणि मांत्रिकाच्या हातावर ठेवलं. दरबारी हसले. कीटकेतू हसला नाही. त्याने ते फळ तिथेच, किडीसकट, खाल्लं आणि बिया बागेच्या मधोमध थुंकल्या.

मग म्हणाला, "मिळालं ते मिळालं. बदल्यात तीन गोष्टी सांगतो. हिवाळ्यात झाडं झोपतात. झोपल्या झाडाची साल खरवडू नका. त्याच्या बुडाची माती हलवू नका. आणि प्रत्येक झाडावर शेवटचं एक फळ राखून ठेवा, ते झाडाची राखण करील. वसंतापर्यंत त्याला हात लावू नका."

एवढं बोलून तो गेला. आता बघा, ज्याची भर दरबारात फजिती केली तो उलट भलं सांगून जातो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हे शेंबड्या पोरालाही कळावं. पण नाही! "केवढ्या मोठ्या मनाचा साधू," म्हणाले लोक. तेव्हापासून थंडीत राजबागेला कुलूप लागू लागलं. पाखरांनी झाडांची झोप मोडू नये म्हणून राखणदार गोफणी घेऊन बसू लागले. शेवटच्या फळाला लोक राखणफळ म्हणू लागले. त्याला हळद-कुंकू लावायचं, दोरा बांधायचा आणि हात जोडून निघून यायचं. फळ फांदीवरच सुकून काळं होई.

आणि दर हिवाळ्यात एक माणूस खोकू लागे. खोकल्यातून कफ येत नसे, रक्त येत नसे. भुसा येई. बारीक, पिवळसर, लाकूड पोखरल्यावर पडतो तसा भुसा. माघ लागला की ते माणूस जाई.

म्हातारा राजा गेला, त्याचा मुलगा धवलसेन गादीवर बसला. त्याच्या एकुलत्या एका राजपुत्रासाठी बागेच्या मधोमध आपोआप उगवलेलं एक देखणं सीताफळ निवडलं गेलं. कुणाच्या थुंकलेल्या बीचं ते झाड, हे तोवर लोक विसरले होते. राजपुत्र आठ वर्षांचा झाला आणि भुसा खोकत गेला. झाडही वठलं. पण त्याच्यावरचं राखणफळ तेवढं पडलं नाही. बारा वर्षं ते तिथेच लटकून होतं, काळं ठिक्कर. राजा रोज दुपारी एकटा त्याच्याखाली जाऊन बसे. त्यानेच कायदा केला होता, राखणफळ तोडेल त्याचा हात तोडला जाईल.

त्या राज्यात येसू नावाची एक माळीण होती. तिचा दादला राजबागेचा माळी. दोन हिवाळ्यांपूर्वी तो भुसा खोकत गेला होता. मागे उरली होती सात वर्षांची लेक तानू. तानूचं झाड डाळिंबाचं.

पौषातल्या एका सकाळी येसूने लेकीला उठवलं आणि उशीवर हात फिरवला. हाताला भुसा लागला.

"आई, घशात काहीतरी चालतंय," तानू म्हणाली.

येसू ओरडली नाही, कारण ओरडून काय होतं ते तिने एकदा पाहिलं होतं. तिने उशी झटकली, शेजारणीला तानूजवळ बसवलं आणि धावत बागेच्या कुंपणापाशी गेली. दाट धुकं पडलं होतं. आत दर झाडावर एक एक काळं फळ लटकत होतं आणि वारा नसताना हलत होतं.

कुंपणाखाली एक पाखरू पडलं होतं. डोक्यावर तुरा, लांब बाकदार चोच, पंखांवर काळे-पांढरे पट्टे. हुदहुद होता तो. राखणदाराच्या गोफणीने त्याचा पंख दुखावला होता. येसूने त्याला पदरात घेतलं, पंखाला हळद लावली.

हुदहुद बोलला, "बाई, सगळं राज्य आम्हाला दगड मारतं. तू हळद का लावतेस?"

"माझी लेक मरते आहे. आज मला कुणालाच मरू द्यायचं नाही," येसू म्हणाली.

हुदहुदाने तुरा उभारला. "मग ऐक. त्या मांत्रिकाने तीन गोष्टी करू नका म्हटलं. त्याच तीन करायच्या. कीड हिवाळ्यात झोपते बाई, झाड नव्हे. सालीखाली तिची अंडी असतात, मातीत तिचे कोष असतात, वाळल्या फळात ती स्वतः असते. तुम्ही तिच्या पाळण्याला हळद-कुंकू वाहता."

तानूच्या डाळिंबावरच्या राखणफळाला या वर्षी येसूनेच दोरा बांधला होता. नवसही बोलली होती, मेली!

"तीन दिवसांनी माघ लागेल. झाडात रस चढला की कीड गाभ्यात शिरते. मग काही चालत नाही," हुदहुद म्हणाला. "पहिल्या दिवशी साल खरवड. दुसऱ्या दिवशी माती उकर. तिसऱ्या दिवशी फळ तोड. तुला आतून हाका येतील. ओ देऊ नकोस. एकदा ओ दिलीस की पोर गेली म्हणून समज."

येसू पाटाच्या मोरीतून सरपटत बागेत शिरली. दादल्याने एकदा दाखवलेली वाट होती ती. हातात नारळाची करवंटी होती. डाळिंबाच्या खोडाला तिने हात लावला तर खोड कोमट लागलं, ताप भरलेल्या अंगासारखं.

"सुटलेली साल तेवढीच काढ. हिरवं दिसलं की थांब. हिरव्याला लागलं तर पोरीला लागेल," हुदहुद म्हणाला.

तिने खरवडायला सुरुवात केली. मेलेल्या सालीचा पापुद्रा निघाला आणि त्याखाली अंडी दिसली, खसखशीएवढी, रांगेने चिकटलेली. प्रत्येक अंड्याला एक बारीक तोंड होतं. सगळी तोंडं एकदम उघडली.

"आई," ती म्हणाली. आवाज तानूचा होता. "आई, दुखतंय गं. खरवडू नको ना."

येसूने दात आवळले. तोंडातून "ओ" यायला निघालं होतं, ते तिने गिळलं. आईच्या तोंडून ओ थांबवणं किती कठीण, ते ज्याला लेकरं आहेत त्यालाच ठाऊक. तिने खोड बुडापासून बेचक्यापर्यंत खरवडलं, एक पापुद्रा खाली पडू न देता सगळं ओटीत घेतलं. एका जागी करवंटी घसरली आणि तीळभर हिरवं दिसलं. ती तिथेच थांबली. मग चुना, गेरू आणि करंजाचं तेल कालवून खोडाला फासलं आणि घरी येऊन ओटी चुलीत रिकामी केली. चूल बराच वेळ किंचाळत होती. शेजारीण उठून गेली ती आपणहून पुन्हा आली नाही.

तानूच्या कोपराला तीळभर खरचटलं होतं. पण त्या दिवशी ती दोन घास जेवली.

दुसऱ्या दिवशी येसूने कुदळ नेली. धुकं इतकं दाट होतं की स्वतःचे पाय दिसत नव्हते. आळं तिने वीतभर खोल उकरायला घेतलं. ढेकूळ उलटलं की खालून तपकिरी कोष निघत, बोटाच्या पेराएवढे. उघड्यावर आले की ते वळवळत आणि गारठ्याने आक्रसत.

आणि मग मातीतून हाक आली.

"येसू."

कुदळ हातातच राहिली. दोन वर्षं तिने तो आवाज ऐकला नव्हता.

"येसू, फार थंडी वाजते गं. वरची माती का काढलीस? घाल ना परत. तू घोंगडी घालायचीस तशी घाल."

येसू मटकन खाली बसली. ढसाढसा रडली. माती तिच्या हाताशीच होती, मूठभर घालायला कितीसा वेळ लागतो! एकदा तर तिने मूठ भरलीही. मग तिला उशीवरचा भुसा आठवला. तिने मूठ मागे भिरकावली आणि रडत रडतच उरलेलं आळं उकरलं.

हुदहुदाने तीनदा साद घातली, "हूप, हूप, हूप." धुक्यातून पाखरं उतरली. साळुंक्या आल्या, शेपट्या हलवत धोबी पक्षी आले, हुदहुदाचे भाईबंद आले. कित्येक वर्षांची उपाशी असल्यागत त्यांनी कोष वेचले. दादल्याचा आवाज हळूहळू कमी होत गेला आणि शेवटी नुसतं वळवळणं ऐकू येऊ लागलं. तेव्हा येसूला कळलं की तो कधी तिथे नव्हताच.

पण पाखरांच्या कलकलाटाने राखणदार जागे झाले. येसू मोरीतून निसटली. मागे त्यांना गेरूने रंगवलेलं लालभडक खोड दिसलं आणि उकरलेलं आळं दिसलं. "सोवळं मोडलं बागेचं!" म्हणून त्यांनी बोंब ठोकली आणि त्या दिवसापासून ते दबा धरून बसले.

तिसरा दिवस उजाडला. तानूचा श्वास घरघरत होता. डोळे उघडत नव्हते. येसूने तिच्या कपाळावर हात ठेवला, शेजारणीच्या दाराशी जाऊन तिचे पाय धरले, तिला ओढून आणून तानूजवळ बसवलं आणि निघाली. राखणदार बसलेत हे तिला माहीत नव्हतं का? होतं. हात जाईल हेही माहीत होतं. दुसरा हात आहे की, म्हणाली ती स्वतःशी.

ती सरळ डाळिंबापाशी गेली. काळ्या फळाला तिने बांधलेला दोरा अजून तसाच होता. तिने तो सोडला आणि फळ पिरगळलं. कट्ट! त्याच क्षणी चार राखणदारांनी तिला धरलं.

तिला राजासमोर नेलं. राजा वठलेल्या सीताफळाखाली बसला होता. दुपार झाली होती, पण सूर्य धुक्यात ताटलीसारखा फिकट होता. राखणदारांपैकी एक जण कुऱ्हाड घेऊन उभा राहिला.

राजा म्हणाला, "माळणी, कायदा ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे महाराज."

"मग का तोडलंस?"

"हात तोडायच्या आधी एवढं फोडून बघा. मग तोडा."

तिने डाळिंब दगडावर आपटलं. वाळकी साल फुटली. आत दाणे नव्हते. काळा चुरा होता आणि त्या चुऱ्यात बोटभर लांबीची एक पांढरी अळी वेटोळं घालून होती. ती उजेडाने डिवचली गेली आणि तानूच्या आवाजात रडू लागली.

कुऱ्हाडवाल्याच्या हातून कुऱ्हाड पडली. हुदहुदाने झडप घातली, अळी दोनदा दगडावर आपटली आणि गिळली. रडणं थांबलं.

पण राजा दगडाकडे बघत नव्हता. तो पांढराफटक पडून वर, फांदीवरच्या फळाकडे बघत होता.

"महाराज," येसूने विचारलं, "तुम्हालाही आवाज येतो?"

राजा म्हणाला, "बारा वर्षं. रोज दुपारी. तो माझ्याशी बोलतो. दात पडला म्हणून सांगतो, घोडा मागतो. तो अजून आठच वर्षांचा आहे. म्हणून मी कायदा केला. कुणी तोडू नये म्हणून."

हुदहुद खांद्याइतक्या उंच फांदीवर बसला. "राजा, पोरीच्या फळात पिल्लू होतं. मूळ कीड या फळात आहे. हे आहे तोवर बागेत दर साल एक झाड पोखरलं जाईल. आणि सूर्य बुडाला की माघ. दुसऱ्या कुणाच्या हाताने ते तुटायचं नाही. ज्याने दोरा बांधला त्यानेच तोडायचं."

दोरा राजाने बांधला होता. त्या शेवटच्या हिवाळ्यात, आजारी मुलगा कडेवर होता तेव्हा.

राजा उठला. झाडाखाली गेला. सीताफळाचे डोळे ठाऊक आहेत ना तुम्हाला? त्या काळ्या फळाचे सगळे डोळे उघडले आणि राजाकडे बघू लागले.

"बाबा," फळ म्हणालं. "बाबा, आज लवकर आलात? इथे ऊब आहे. मला बाहेर काढू नका. मी मरेन हो बाबा."

राजाचा हात हवेतच राहिला. ओठ हलले. तो ओ देणार होता. देणारच होता!

येसू पुढे झाली. राखणदारांनी अडवलं नाही. ती म्हणाली, "महाराज, काल मातीतून माझ्या दादल्याने हाक मारली. थंडी वाजते म्हणाला. मी माती घातली नाही."

राजाने वळून विचारलं, "कसं जमलं तुला?"

"जमलं कुठे? रडत रडत केलं."

राजाने डोळे मिटले. पाणी गालांवरून खाली आलं, तसंच आलं, त्याने पुसलं नाही. त्याने फळ मुठीत धरलं. मुठीत ते धडधडत होतं. "बाबा, नको! बाबा!" अशी किंकाळी उठली की दूर गावात दारांच्या कड्या वाजल्या. राजाने फळ पिरगळलं आणि दगडावर मारलं.

आतून हातभर लांब अळी निघाली. तिला तोंड होतं म्हाताऱ्या माणसाचं, सुरकुतलेलं. ती आधी राजपुत्राच्या आवाजात रडली. मग मेलेल्या सगळ्या माणसांच्या आवाजांत एकामागून एक रडली. शेवटी स्वतःच्या आवाजात बोलली. कीटकेतूच होता तो, स्वतःच थुंकलेल्या बीच्या झाडात दडलेला.

"मी एकच फळ मागितलं होतं," तो म्हणाला. "तुझ्या बापाने किडकं दिलं."

"माझ्या बापाचं चुकलं," राजा म्हणाला. "माझ्या लेकाचं काय चुकलं होतं?"

कीटकेतू मातीत शिरायला वळवळला, पण हुदहुद खाली उतरला होता. एकदा आपटला, दोनदा आपटला, तिसऱ्यांदा आपटला आणि गिळला. वठलेलं सीताफळ उभ्या उभ्या खाली बसलं आणि त्याच्या जागी भुशाचा ढीग उरला.

राजाने हळूच विचारलं, "पाखरा, खरं सांग. तो यात होता का?"

"नव्हता राजा. तो कधीच सुटला. बारा वर्षं तू त्याच्या मारेकऱ्याशी बोलत होतास."

राजा त्या भुशात बसला आणि बारा वर्षांपूर्वी रडायचं राहिलेलं रडला. कुणी त्याला उठवलं नाही.

येसू धावत घरी गेली. तिने दार ढकललं. आत आवाज नव्हता. खोकला नव्हता, घरघर नव्हती, काहीच नव्हतं. ती उंबऱ्यातच थबकली, आत जायची तिची हिंमत होईना.

"आई," आतून हाक आली.

तीन दिवस या हाकेला ओ द्यायची नाही म्हणून येसू दात आवळून होती. तिने दाराची चौकट घट्ट धरली. बोलावं की बोलू नये?

"आई, भूक लागली. भाकरी दे ना. आणि ही मावशी झोपलीये, तिला उठव, घोरते किती!"

असं काही कीड बोलत नाही.

"ओ," येसू म्हणाली. "ओ गं माझे बाई! ओ, ओ, ओ!" आणि तिने लेकीला उचलून घेतलं.

त्याच दिवशी राजाने बागेचं कुलूप काढलं. गोफणी चुलीत गेल्या. करवंट्या घेऊन अख्खं गाव आत शिरलं. ज्याने दोरा बांधला त्याने आपल्या हाताने फळ उतरवलं, साल खरवडली, माती उकरली, पाखरांना बोलावलं आणि दर खोडाला चुना-गेरू फासला. तेव्हापासून तिथे दर पौषात तसंच करतात आणि पहिली करवंटी राजाच्या हातात असते. आणि हंगामातलं पहिलं, सर्वांत चांगलं फळ बागेच्या दाराशी जो कुणी मागायला येईल त्याला देतात. तो कोण आहे, हे पुसत नाहीत.

सीताफळाच्या जागी काय लावायचं, हे राजाने येसूला विचारलं. तिने तिथे काही लावू दिलं नाही. पाखरांना अंग घोळायला मोकळी माती असू दे, म्हणाली. हुदहुद अजून तिथे येतो म्हणतात.

त्यांची झाडं फळली, तुमचीही फळोत. आता उठा, गोष्ट संपली, तुमच्या मागे काही येत नाही. पण घरी जाताना परसातल्या झाडावर एकदा नजर टाका. एखादं काळं फळ लटकत असेल तर आजच उतरवा. आणि त्यातून कुणी ओळखीच्या आवाजात हाक मारलीच, तर ओ देऊ नका.